कोरियन युद्धकला : अस्सल किती, उसनी किती?

प्रश्न : माझी मुलगी तायक्वांदो शिकते. कोरियन सैनिकांची युद्धकला दोन हजार वर्षांची आणि पूर्णपणे त्यांची स्वतःची आहे, असं तिच्या वर्गात सांगतात. खरं आहे का? – एक पालक

उत्तर : तायक्वांदोचा आजचा साचा विसाव्या शतकातला. तो घडवणारे सेनाधिकारी चोई होंग-ही जपानमध्ये कराटे शिकून आले होते. पण तुमचा रोख जुन्या लष्करी विद्येकडे आहे, आणि मला ती गोष्ट जास्त मोलाची वाटते.

कोरियन सैन्याची खरी भिस्त धनुष्यावर. १५९२ मध्ये जपानी फौजा बुसानला उतरल्या आणि वीस दिवसांत राजधानी पडली. बंदुका आणि लांब तलवारींपुढे निभाव लागेना. राजा सोंजो उत्तरेकडे पळाला. पुढच्या वर्षी मदतीला आलेल्या चिनी फौजेनं प्योंगयांग परत घेतलं. तिच्यातले दक्षिण चीनचे सैनिक चिनी सेनापती छी जिग्वांगनं जपानी चाच्यांशी लढताना बसवलेल्या पद्धतीनं लढत. ती विद्या आपल्याला हवीच, असं राजानं ठरवलं. हान ग्यो या अधिकाऱ्यानं चिनी सरदारांना विचारून विचारून १५९८ मध्ये 'मुये जेबो' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात सहा शस्त्रं आहेत. त्यातलं एक बघाच : फांद्या न छाटलेला लांबलचक बांबू, टोकाला लोखंडी पातं. धिप्पाड सैनिकानं तो पुढे धरला की तलवारवाल्याला जवळ येताच येत नसे.

युवराज सादोनं १७५९ मध्ये हे सहा प्रकार अठरावर नेले. त्याच्या मुलानं, राजा जोंगजोनं, घोड्यावरचे सहा जोडून चोवीस केले आणि १७९० मध्ये 'मुये दोबो तोंगजी' हा ग्रंथ छापून घेतला. तो रचला ई दोक-मू, पाक जे-गा आणि पेक दोंग-सू यांनी. उपस्त्रीच्या वंशातले म्हणून तिघांनाही बड्या पदांची दारं बंद होती. पानोपानी पवित्र्यांची चित्रं, शेजारी प्रत्येकाचं नाव. मजकूर चिनीत, म्हणून चिनी न येणाऱ्यांसाठी हंगुल या कोरियन लिपीतला वेगळा भाग.

यातली सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे प्रामाणिकपणा. देशी तलवारीचं प्रकरण आहे, तसं जपानी तलवारीचंही आहे, आणि तेही 'जपानी तलवार' याच नावानं. किम चे-गन हा सैनिक जपानला जाऊन ती शिकला, हेसुद्धा नोंदवलंय. शत्रूकडून शिकलेलं लपवावं असं त्यांना वाटलं नाही. तेव्हा मुलीला 'दोन हजार वर्षं' सांगू नका, १५९२ पासून सांगा. दक्षिण कोरियातल्या सुवॉन शहरात ह्वासोंग राजवाड्यासमोर हे चोवीस प्रकार आजही करून दाखवतात.