मावशीला विचारा : आजारपणाच्या घरातलं हसू

प्रश्न : मावशी, सप्रेम जय ख्रिस्त. माझ्या यजमानांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. आठ महिने झाले, मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस चालू आहे. आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसं भेटायला येतात, प्रार्थना करतात आणि 'देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात' हे वचन सांगून जातात. मी मान हलवते, पण ती गेली की मला रडू कोसळतं. यजमानांचा स्वभाव पहिल्यापासून थट्टेखोर. परवा दवाखान्यात वजनकाट्यावर उभे राहून ते सिस्टरला म्हणाले, "चर्चच्या पंचकमिटीत तीस वर्षं काढली, तिथं माझं वजन कधी वाढलं नाही. इथं दोन दिवसांत अडीच किलो!" मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. तेवढ्यात आमचे एक वडीलधारे नातेवाईक आले आणि म्हणाले, "ही हसायची वेळ आहे का? गुडघे टेकायची वेळ आहे." तेव्हापासून घरात कुणी हसलं की मलाच अपराध्यासारखं वाटतं. माझं चुकतंय का?
– एक बहीण, श्रीरामपूर

उत्तर : माझ्या बहिणी, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि वजनाच्या वाक्याला दोन्ही वेळा मोठ्यानं हसले. तुझं काहीही चुकलेलं नाही.

मी चौतीस वर्षं सिस्टर म्हणून काम केलं, त्यामुळे तो काटा मला ठाऊक आहे. लघवी होत नाही म्हणून प्यायलेलं पाणी अंगातच राहतं, आणि दोन डायलिसिसच्या मध्ये जे वजन वाढतं ते बहुतेक पाण्याचंच असतं. जितकं वजन जास्त, तितकं पाणी त्या चार तासांत ओढून काढावं लागतं. मग कधी पायात पेटके येतात, कधी बीपी एकदम खाली जातं. म्हणून पेशंट काट्यावर चढताना आकडा बघत नाही, सिस्टरचा चेहरा बघतो. तुझे यजमान त्या आकड्याला घाबरत असणारच, सगळेच घाबरतात. ज्या काट्याची धास्ती, त्याच काट्यावर उभं राहून त्यांनी तुला हसवलं. आठ महिने त्यांना घेऊन ये-जा करणाऱ्या बायकोला त्यांच्या हातून देता येण्यासारखं तेवढंच होतं आणि ते त्यांनी दिलं. तू ते घेतलंस, बरं केलंस.

आता गुडघे टेकण्याबद्दल. बायबलातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, त्याचा बारावा अध्याय आज रात्री यजमानांना मोठ्यानं वाचून दाखव. हेरोद राजानं येशूचा शिष्य, योहानाचा भाऊ याकोब, याला तलवारीनं मारलं आहे. दुसरा शिष्य पेत्र तुरुंगात आहे, सकाळी त्याची पाळी. मंडळी मरीयेच्या घरी जमून त्याच्यासाठी प्रार्थना करते आहे. इकडे देवदूत पेत्राला सोडवतो, पेत्र त्याच घराच्या दारावर येऊन थाप मारतो. रुदा नावाची मुलगी दाराशी जाते, पेत्राचा आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते! आतली माणसं, जी त्याच्याच सुटकेसाठी रात्रभर प्रार्थना करत होती, ती तिला म्हणतात, "तुला वेड लागलंय." आणि पेत्र आपला बाहेर उभा, थापा मारतोय.

लहानपणी संडे स्कूलमध्ये हे ऐकताना आम्ही पोरं खो-खो हसायचो. मोठेपणी माझ्या ध्यानात आलं की याकोबाचा खून आणि रुदाची धांदल एकाच अध्यायात आहेत. मधे चाळीस दिवसांचा शोक पाळून, मग नवा अध्याय काढून ही गोष्ट लिहिलेली नाही. त्या घरात रडून डोळे सुजलेली माणसं होती, गुडघे टेकलेली माणसं होती आणि हसू येईल असा प्रसंगही तिथंच घडला. हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकनं तो गाळला नाही. तुमच्या घरात आत्ता तेच चाललं आहे.

तुझ्या त्या नातेवाइकांचा मला राग येत नाही. त्यांना भीती वाटली असेल, आणि भ्यालेला माणूस गंभीर चेहऱ्याचा आधार घेतो. पण एका बाबतीत त्यांच्या मनात जे असेल त्यातला थोडा भाग खरा आहे, तो मी तुझ्यापासून लपवणार नाही. नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायात म्हटलं आहे की खिन्न माणसापुढे गाणी गाणं म्हणजे कडाक्याच्या थंडीत अंगावरचं पांघरूण ओढून घेणं. म्हणजे हसू बाहेरून आणून लादायचं नसतं. भेटायला आलेल्यानं 'काय हो, असे काय तोंड पाडून बसलात' म्हणत विनोद सुरू केले तर तो छळ. पण पेशंटच्याच तोंडून हसू निघालं तर आपण त्यात सामील व्हायचं. मी वॉर्डात एवढा एकच नियम पाळला : पहिला विनोद पेशंटचा, आपला दुसरा. तुमच्या घरात पहिला विनोद यजमानांचाच आहे.

माझ्या घरची एक गोष्ट सांगते. १९७२ चा दुष्काळ. मी चौदा वर्षांची. नगर जिल्ह्यातलं आमचं गाव कोरडंठाक. वडिलांनी बैल विकले तेव्हापासून आई बोलेनाशीच झाली होती. दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तिथं सुकडी मिळायची. घरी रेशनचा मिलो, तो लाल जोंधळा. त्याची भाकरी थापताना तुटायची, आणि निवली की दातांना दाद देत नसे. रोज रात्री चिमणीच्या उजेडात कौटुंबिक प्रार्थना व्हायची, शेवटचं वाक्य धाकट्या भावाचं. तो सहा वर्षांचा. एका रात्री त्यानं डोळे घट्ट मिटून म्हटलं, "प्रभू, आमची रोजची भाकर आज आम्हाला दे. पण मिलोची नको, जोंधळ्याची दे. मिलो तुझ्याकडेच राहू दे. आमेन."

सगळे गप्प. मला वाटलं आता याच्या पाठीत धपाटा बसणार. वडिलांनी डोळे उघडले नाहीत. हात जोडलेलेच ठेवून ते म्हणाले, "आमेन. आणि प्रभू, या अर्जाखाली माझीपण सही आहे." आईनं पदर तोंडात धरला, खांदे हलायला लागले. आम्हाला वाटलं रडतेय. हसत होती. बैल गेल्यापासून पहिल्यांदा. त्या रात्रीनंतर भाकरी मिलोचीच होती, पुष्कळ दिवस होती. पण थापताना आई म्हणायची, "चला, देवानं परत पाठवलेला मिलो खायला बसा." ती प्रार्थना वडिलांनी चेष्टेवारी नेली नव्हती. पोरानं मनापासून मागितलं होतं आणि त्यांनी मनापासून सही केली होती. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात खरी कौटुंबिक प्रार्थना.

आता 'कल्याणकारक' या वचनाबद्दल. वचन खरं आहे, मी त्याच्यावर जगले आहे. पण उभ्याउभ्या दुसऱ्याच्या हातात ठेवून निघून जायचं ते वचन नव्हे. ते रडून झाल्यावर माणसाला स्वतःला सापडतं. तोवर तू तेरावं स्तोत्र वाच. दाविदानं त्यात देवालाच पुन्हा पुन्हा विचारलं आहे, 'कोठवर?' देवाला हा प्रश्न चालतो.

आणि मंडळीतल्या माणसांना कामं दे. ती चांगली माणसं आहेत, काय करावं ते कळत नाही म्हणून वचन देऊन जातात. गुरुवारी दवाखान्यात सोबत कोण येईल ते विचार. चार तास तू घरी निजायचंस. एकानं लाइट बिल भरायचं. एकीनं भाजी आणायची, पण कुठली चालते ते आहारतज्ज्ञांना विचारून. आणि सगळ्यांना स्पष्ट सांग, शहाळं आणू नका. आपल्याकडे आजारी माणूस म्हटलं की शहाळं आणि मोसंबी, पण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि ते बाहेर टाकायला किडनी नसली की त्याचा थेट हृदयावर परिणाम होतो. माझ्या एका पेशंटच्या खाटेखाली एकदा नऊ शहाळी जमली होती. आपल्या चर्चमध्ये हंगामाच्या सणाला लोकांनी अर्पण केलेल्या वस्तूंचा लिलाव होतो ना! तो बायकोला म्हणाला, "पाळकसाहेबांना निरोप दे, हंगामाच्या सणाची वाट बघू नका, माझ्या खाटेखालीच लिलाव मांडा." आणि खरंच, रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारात त्यांचा लिलाव झाला. जमलेले पैसे त्याच्या जाण्यायेण्याच्या भाड्याला दिले.

यजमानांना माझा सलाम सांग. त्यांचं वजन माझ्याकडे पुष्कळ आहे.

प्रश्न : नोकरी जाऊन पाच महिने झाले. मंडळीतले एक बंधू म्हणाले, "विश्वास कमी पडतोय, आनंदी राहा." मला प्रार्थना सुचत नाही, हसू तर लांबच. रात्री झोप नाही. काय करू?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : भाऊ, तू हसायचा प्रयत्न करू नकोस. वर जे लिहिलं ते ज्याला हसू येतं त्याच्यासाठी आहे.

तुझ्यासाठी एलीया आहे. बायबलातलं १ राजे हे पुस्तक, एकोणिसावा अध्याय. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीनं पळाला, रानात एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, पुरे झालं, माझा प्राण घे. देवानं त्याला 'विश्वास कमी पडला' म्हटलं नाही. त्याला झोपू दिलं. दूतानं हलवून उठवलं आणि सांगितलं, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं होतं. तो खाऊन पुन्हा झोपला. दूत पुन्हा आला, पुन्हा खायला घातलं. बोलणं त्याच्यानंतर, होरेब डोंगरावर पोचल्यावर. आधी दोन भाकरी आणि दोन झोपा.

म्हणून आधी जेवणाच्या वेळा सांभाळ. पाच महिने झोप नाही ही अंगावर काढायची गोष्ट नव्हे, याच आठवड्यात डॉक्टरांना दाखव. जगू नये असं मनात येत असेल तर आजच जवळच्या माणसाला सांग आणि टेलिमानसला १४४१६ वर फोन कर. सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. गोळी घेणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे. एलीयाची भाकर स्वर्गातून आली तरी चावून त्यालाच खावी लागली. प्रार्थना सुचत नसेल तर तुझ्या वाटची मी करते. तुझं पत्र माझ्या बायबलात ठेवलं आहे.

प्रश्न : मी दुबईला, आई एकटी नगरला. वडील गेल्या वर्षी गेले. तिला धीर यावा म्हणून रोज सकाळी फोनवर फुलांच्या चित्रावर लिहिलेलं वचन पाठवतो. ती फक्त 'आमेन' लिहिते. आणखी काय पाठवू?
– एक मुलगा

उत्तर : बाळा, पाठवणं थोडं कमी कर आणि तिच्याकडे माग. तिच्याकडे बायबल आहे, चष्मा आहे, वचनं तिला तुझ्यापेक्षा जास्त पाठ असतील. ऐकणारं माणूस मात्र गेलं. दूधवाल्यानं काय थाप मारली, भजनाला पेटी कुणाची बेसूर झाली, हे ती रोज ज्यांना सांगायची ते आता नाहीत.

रविवारी फोन कर तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, स्मृतिचित्रे, समोर ठेव आणि दोन पानं तिला वाचून दाखव. १८९५ साली नवऱ्यानं बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला, बाईच्या पायाखालची जमीन गेली, वर्षानुवर्षं ताटातूट झाली. आणि त्याच बाईनं ते सगळं असं सांगितलं आहे की वाचणारा रडता रडता हसतो. नगरच्या माणसाला तर त्यातले रस्तेसुद्धा ओळखीचे वाटतात. ती तुला मधेच थांबवेल आणि स्वतःचं काहीतरी सांगायला लागेल. मग पुस्तक मिटून ठेव.

आणि ती बोलली नाहीच, तर हंगामाच्या सणाचं विचार. लिलावाच्या वेळी कुणाची तरी कोंबडी सुटून थेट वेदीपर्यंत गेली होती का, आणि ती पकडायला कोण धावलं होतं. नगर जिल्ह्यातल्या प्रत्येक मंडळीत अशी एक कोंबडी होऊन गेली आहे. तुझ्या वडिलांनी ती कितीला घेतली, ते आई सांगेल.