हेलर, दमडी आणि एक मूठ

एका वाचक भगिनीने विचारलं आहे: त्या एका जर्मन कथेचा अनुवाद करत आहेत. कथा 1921 च्या सुमाराची, लिख्टेनश्टाइन या ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांच्यामधल्या चिमुकल्या देशातल्या एका खेड्यातली. त्यातला म्हातारा शेतकरी म्हणतो, माझ्याजवळ एक ‘लाल हेलर’सुद्धा उरला नाही. याला मराठीत काय म्हणावं? ‘हेलर’ हे तिथल्या मुद्रेचं नाव कशावरून पडलं? एका कोशात ते ‘उजळ’ या अर्थाच्या जर्मन शब्दावरून आल्याचं दिलं आहे, ते बरोबर का? आणि पुढे तिथे फ्रांक आला, त्या फ्रांकचं मूळ काय?

आधी ‘मुद्रे’चा निकाल लावतो, कारण हा शब्द या अर्थाने रोज कानावर आदळतो आहे. मराठीत मुद्रा म्हणजे शिक्का, ठसा. राजाची राजमुद्रा असते, चेहऱ्यावरची मुद्रा असते, नर्तकीच्या हाताची मुद्रा असते. ठसा उमटवलेलं नाणं म्हणून ‘सुवर्णमुद्रा’ म्हणालात तर तेही चालेल. पण देशाच्या व्यवहारात जे फिरतं त्याला आपण चलन म्हणतो. चालतं ते चलन, किती सोपा शब्द आहे! तो टाकून बातम्यांत ‘विदेशी मुद्रा’ आणि ‘मुद्रास्फीती’ कशासाठी? ‘चलनफुगवटा’ म्हटलं की फुगलेलं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. ‘मुद्रास्फीती’ने डोळ्यांपुढे काहीच येत नाही. तुमच्या म्हाताऱ्याला नेमका चलनफुगवट्यानेच बुडवला आहे, तेव्हा अनुवादात तरी हा शब्द जपा.

लिख्टेनश्टाइनचं चलन सुरुवातीपासून शेजाऱ्याच्या आधाराने चाललं. 1862 साली प्रिन्स योहान दुसरा याच्या नावाने थालर नावाची जेमतेम दोन हजार चांदीची नाणी पाडली, तीही व्हिएन्नाच्या टांकसाळीत. याच थालरवरून ‘डॉलर’ शब्द आला, पण ती गोष्ट इथे सांगत नाही. ऑस्ट्रिया-हंगेरीने 1892 मध्ये गुल्डेन हे जुनं चलन मागे सारून क्रोन आणला. एक गुल्डेन म्हणजे दोन क्रोन, आणि एक क्रोन म्हणजे शंभर हेलर. 1898 मध्ये लिख्टेनश्टाइननेही तोच क्रोन स्वीकारला. प्रिन्सचा चेहरा असलेले चांदीचे एक, दोन आणि पाच क्रोन निघाले, सोन्याचे दहा आणि वीसही निघाले. हेलरचं स्वतःचं नाणं मात्र या देशाने कधी पाडलं नाही. सुटे हेलर ऑस्ट्रियाचेच वापरायचे. लिख्टेनश्टाइनच्या नावाने हेलर दिसतो तो कागदावर: 1912 च्या पहिल्या टपाल तिकिटांवर (पाच, दहा आणि पंचवीस हेलर, आणि दहाचं तिकीट लाल!), आणि 1920 मध्ये सुट्या पैशांची टंचाई पडल्यावर काढलेल्या दहा, वीस आणि पन्नास हेलरच्या चिटोऱ्यांवर. या देशाने स्वतःच्या नावाने काढलेल्या कागदी नोटा तेवढ्याच.

आता ‘उजळ’चं. जर्मनमध्ये ‘हेल’ म्हणजे उजळ आणि ‘हेलर’ म्हणजे त्याहून उजळ, हे खरं. पण त्यावरून नाण्याचं नाव काढणं म्हणजे शब्दाला आरसा दाखवून त्याचं गोत्र सांगणं. कोशकारांनी नाण्याच्या इतिहासाचं एक पान उलटलं असतं तर ही चूक झाली नसती. हेलर म्हणजे ‘हाल’चा. दक्षिण जर्मनीतल्या श्वाबियातलं हाल हे मिठागरांचं गाव. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे हा पेनी, जर्मनमध्ये ‘फेनिश’, पाडला जाऊ लागला. आधी ‘हालचा फेनिश’, मग नुसताच ‘हालचा’. पैठणी जशी गावाचं नाव घेऊन फिरते, तसंच हे.

एका संग्राहक मित्राने असा एक जुना हेलर माझ्या तळहातावर ठेवला होता. करंगळीच्या नखापेक्षा थोडासा मोठा, वजनाला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, इतका पातळ की फुंकर मारली तर उडेल असं वाटावं. एका बाजूला टोकं दुभंगलेला क्रूस. दुसऱ्या बाजूला उघडा पंजा, बोटं वर केलेली. या पंजावरूनच जर्मन लोक त्याला ‘हातवाला हेलर’ म्हणतात. माझ्या हातावर तो हात. मी बराच वेळ बघत बसलो होतो. त्या पंजाकडे मला परत यायचं आहे.

सुरुवातीला तो चांदीचा होता. मग प्रत्येक टांकसाळीने त्याची नक्कल करत चांदी कमी आणि तांबं जास्त घातलं, आणि शेवटी निव्वळ तांबं उरलं. ‘लाल हेलर’ तो हा. ‘काइनेन रोटेन हेलर’ म्हणजे तांब्याचासुद्धा नाही. माझी आजी ‘तांबडा पैसा नाही’ म्हणायची, गुजराती माणूस ‘राती पाई’ म्हणतो. जर्मनचा आणखी एक वाक्प्रचार आहे, ‘हेलर आणि फेनिशपर्यंत’ फेडणं. तो आपला पै न् पै.

तरीही तुमच्या म्हाताऱ्याच्या तोंडी मी ‘तांबडा पैसा’ घालणार नाही. ‘फुटकी कवडी’ तर मुळीच नाही, कारण कवडी समुद्रातली, आणि हा माणूस डोंगरातला. तिथे शब्द हवा ‘दमडी’. का, ते नीट सांगतो.

दमडी म्हणजे छोटा दाम. अकबराच्या हिशेबात चाळीस दाम म्हणजे एक रुपया, आणि दामाचा आठवा भाग म्हणजे दमडी. दामही तांब्याचाच, तेव्हा ‘लाल’ची सोय इथे आपोआप झाली. आता ‘दाम’ कुठून आला? काही पंडित तो संस्कृत ‘दामन्’वरून, म्हणजे दोरीवरून काढतात, कारण म्हणे नाणी दोरीत ओवत. हे वाचलं की मला खरोखर वाईट वाटतं. कोकणातल्या शिलाहारांच्या लेखांत ‘द्रम्म’ शब्द ढळढळीत कोरलेला आहे. त्यातला ‘र’ कोणत्या दोरीतून आला? भास्कराचार्यांनी लीलावतीच्या आरंभीच कोष्टक दिलं आहे: वीस वराटक म्हणजे एक काकिणी, चार काकिणी म्हणजे एक पण, सोळा पण म्हणजे एक द्रम्म. वराटक म्हणजे कवडी. म्हणजे एका द्रम्मात 1280 कवड्या. पुढे त्याच ग्रंथात एका कंजुषाचं गणित आहे. त्याने याचकाला द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या एक पंचमांशाच्या एक षोडशांशाचा चौथा भाग दिला. करून पाहा, बरोबर 1280 वा भाग येतो. एवढे अपूर्णांक पार करून हातावर पडली ती एक कवडी!

तर द्रम्म. प्राकृतात जोडाक्षरातला ‘र’ गळून दम्म झाला, आणि मराठीत द्वित्त जाऊन स्वर लांबला: दाम. कर्म, कम्म, काम. चर्म, चम्म, चाम. अगदी त्याच वाटेने. आणि मग चामाला ‘डी’ लागून चमडी, दामाला ‘डी’ लागून दमडी. ‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाही’ या म्हणीत यमक जुळलं आहे ते काही कवीच्या कारागिरीने नव्हे. दोन्ही शब्द एकाच साच्यातून ओतून निघाले आहेत, त्यांची घडण एक म्हणून नाद एक. मला मराठीतल्या सगळ्या म्हणींमध्ये ही सर्वांत सुबक वाटते.

पण द्रम्म हाही घरचा नव्हे, तो ग्रीकांचा द्राख्मे. यवनांची नाणी वायव्येकडून आली आणि शब्द मागे ठेवून गेली. आणि ग्रीकमध्ये द्राख्मे म्हणजे काय? मूठ! मुठीत धरणं या अर्थाच्या क्रियापदावरून आलेली मूठ. नाणी येण्याआधी ग्रीक लोक लोखंडी सळया व्यवहारात वापरत. एक सळई म्हणजे ओबोल, आणि मुठीत मावतील त्या सहा सळया म्हणजे एक द्राख्मे. आर्गोसजवळच्या हेरा देवीच्या देवळात अशा सळयांची आख्खी जुडी सापडली आहे. मेथीची जुडी जशी मुठीत धरून देतात, तशी.

आता तो पंजा आठवा. हेलरच्या अंगावर हात आहे, आणि दमडीच्या पोटात मूठ आहे. दोन्ही आपापल्या भाषेतली सर्वांत क्षुद्र नाणी, दोन्ही चांदीतून घसरत तांब्यावर आलेल्यांच्या घरातली, दोन्ही आता फक्त ‘नाही’ म्हणायला उरलेली. हा योगायोग आहे असं कुणी म्हणेल. असू दे. पण अनुवादकाला याहून चोख जोड मिळणार नाही, आणि मी या मतावरून हलणार नाही. हेलर म्हणजे दमडीच.

हंगेरीत त्याच हेलरला फिलेर म्हणत. काहीजण फिलेरला हेलरचा अपभ्रंश मानतात, तेही चूक. तो जर्मन ‘फीरर’, म्हणजे ‘चारवाला’. चेकमध्ये मात्र ‘हालेर्श’ हा हालचा सख्खा वारस. तिथलं शेवटचं पन्नास हालेर्शचं नाणं 2008 पर्यंत चालत होतं.

फ्रांकबद्दल थोडक्यात. 1360 मध्ये फ्रान्सच्या राजाने पाडलेल्या सोन्याच्या नाण्यावर ‘फ्रांकांचा राजा’ अशी लॅटिन अक्षरं होती, त्यावरून नाव पडलं असं मानतात. पहिल्या महायुद्धानंतर क्रोन इतका फुगला की ऑस्ट्रियाने पुढे दहा हजार क्रोनला एक शिलिंग दिला. म्हणजे एका शिलिंगाला दहा लाख हेलर. लिख्टेनश्टाइनमधल्या लोकांची आयुष्यभराची बचत त्यात विरघळली. देशाने 1923 मध्ये स्वित्झर्लंडशी जकातीचा करार केला आणि 1924 मध्ये स्विस फ्रांक अधिकृतपणे स्वीकारला. स्वतःचे अर्धा, एक, दोन आणि पाच फ्रांकही पाडले. त्याचा शंभरावा भाग राप्पेन. राप्पेन म्हणजे कावळ्याच्या जातीचा मोठा काळा डोमकावळा: फ्रायबुर्गच्या जुन्या नाण्यावरचं गरुडाचं डोकं इतकं ओबडधोबड उठलं होतं की लोकांनी त्याला कावळाच ठरवलं.

तुमची कथा 1921 च्या सुमाराची, म्हणजे फ्रांक अधिकृत होण्याआधीची आहे, तेव्हा म्हाताऱ्याच्या तोंडी हेलरच शोभतो, राप्पेन नव्हे. तरी मूळ जर्मन कथेतला शब्द तपासून घ्या. ‘लाल’ काढून टाका, आणि ‘एक’ही नको. ‘खिशात दमडी उरली नाही’ एवढंच त्याला म्हणू द्या.