हुमण चांगलं झालं होतं

चवथ आटोपून गणपतीवरची फळाफुलांची माटोळी उतरली की माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, एक ठरावीक वाक्य यायला लागतं. "मॅडम, सगळं ठरलंय, पण तयारी पुरी झाल्यासारखी वाटत नाही." नर्मदा परिक्रमा, म्हणजे नदीची पायी प्रदक्षिणा, चातुर्मास संपल्यावर, देवप्रबोधिनी एकादशीनंतर उचलतात, म्हणून हे दुखणं हंगामी. रजा मंजूर, घरून होकार, नवे बूट आणलेले आणि रात्री डोळ्याला डोळा नाही.

एका बाईंची गोष्ट सांगते. ओळख पटणार नाही इतके तपशील बदलले आहेत. फोंड्याजवळ राहतात, वय ५२, कॉलेजात शिकवतात. सहा महिन्यांची सबॅटिकल मिळालेली. त्या मात्र जूनमध्येच आल्या, हातात दोनशे पानी वही घेऊन.

पहिल्या दोन भेटींत मी वहीला फसले. गुडघे, बूट, पाठपिशवीचं वजन यांतच आम्ही रमलो. हिशेबही मांडला. नदीची लांबी १३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही काठ मिळून २६०० च्या वर. रस्त्याचे वळसे धरून ३००० समजा. रोज २० किलोमीटर चाललं तरी १५० दिवस. हातात एक महिना उरतो. तो परत आल्यावर घरी बसण्यासाठी राखा, म्हटलं. त्यांना पटलं. झोप काही येईना.

तिसऱ्या भेटीला वीज गेली होती, बाहेर धो धो पाऊस. उजेडासाठी त्या खिडकीकडे सरकल्या आणि वही उलटी उघडली गेली. मागच्या बाजूने घराची यादी होती. सासूबाईंच्या गोळ्या, सिलिंडर, पेजेला तांदूळ किती, बांगड्याच्या हुमणात, म्हणजे नारळाच्या आमटीत, तिरफळं किती आणि ती कुठल्या डब्यात. स्वतःची यादी सहा पानं, घराची एकतीस.

"हे कोणी मागितलं?"

"मागायला कशाला हवं? मीच नसले तर..." त्या थांबल्या.

माझं एक चुकलं तेही सांगते. धीर द्यायला म्हणून मी म्हटलं, आपला मंगेश देवसुद्धा १५६० साली कुठ्ठाळी सोडून नदीपलीकडे प्रियोळला आला की. त्या फाडकन म्हणाल्या, "तो पोर्तुगीजांच्या भयाने जीव मुठीत धरून आला. मी रजा टाकून चाललेय." खरंच होतं. दृष्टान्त देण्याची माझी खोड जुनी आहे.

पाऊस ओसरल्यावर मी चार दिवसांचा सराव सुचवला. घरून चालत साखळीच्या विठ्ठलाला जायचं, डिचोलीला बहिणीकडे मुक्काम करायचा, पाठीवर पिशवी घेऊन परत यायचं. वही घरात ठेवायची नाही, फोन दिवसातून एकदा. परतल्या त्या फणफणतच.

"पाय दुखले?"

"पाय ठीक आहेत. ह्यांनी हुमण केलं होतं. चांगलं झालं होतं."

"मग?"

"मला राग आला, मॅडम. नारळ जास्त झालाय म्हणून बोलले. झाला नव्हता."

बराच वेळ आम्ही दोघी गप्प होतो. मग त्याच हसल्या आणि डोळे पुसले. एवढी वर्षं हे काम करतेय, पण असा क्षण आला की आजही अंगावर काटा येतो. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारावर माझा भरवसा आहे. काळजीच्या पोटात बहुधा एक हट्ट असतो, आणि मराठीत तो 'च' लावून येतो. माझ्याशिवाय घर चालणारच नाही, ही त्यांची भीती नव्हतीच. ते चाललं तर? ही होती.

नर्मदेकाठी आश्रमात शिरलं की विचारतात, "कितनी मूर्ती?" माणसं मोजायची ती मूर्ती म्हणून. तिथे तुम्ही मॅडम नाही, वहिनी नाही, आई नाही, एक मूर्ती. ओसरीवर टेकायचं, कोणी सदावर्त देईल ते घ्यायचं. जन्मभर वाढत आलेल्या बाईला ताटावर नुसतं बसणं किती जड जातं, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणून उरलेल्या दिवसांत एकच गृहपाठ दिला: घरी रोज एक जेवण दुसऱ्याच्या हातचं, आणि त्यावर चकार शब्द काढायचा नाही. पहिला आठवडा त्यांनी ओठ चावून काढला. दुसऱ्या आठवड्यात झोप लागली.

आता तुम्ही निघणार असाल तर. तीन महिने आधी चालायला लागा, पण सुट्टीच्या दिवशी एकदाच वीस किलोमीटर नको. लागोपाठ तीन-चार दिवस, भरलेल्या पिशवीसह, डांबरी रस्त्यावर. पिशवी आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शात बसवा. आपल्याकडे गोंयात कोणाच्या कपाटात धड स्वेटर नसतो. नर्मदेच्या उगमाची, अमरकंटकची थंडी गृहीत धरून तो विकत घ्या. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्यांचं डॉक्टरांशी बोलूनच निघा. घरच्यांशी फोनची वेळ ठरवा आणि फोनवरून घर चालवू नका. नर्मदा उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही, हा नियम. एका दमात पुरी केलीच पाहिजे, हा नियम तुम्ही स्वतःवर लादलेला. खंड परिक्रमा करणारे जिथे थांबले तिथूनच पुढच्या वेळी उचलतात. तब्येतीचं काय झालं तर परतायचं, हे घरीच, शांत डोक्याने लिहून ठेवा. काठावर, तापात, ते ठरवता येत नाही.

बाई कार्तिकात गेल्या. महिन्याभराने मला फोन आला, मागे कुठल्याशा देवळातली घंटा वाजत होती.

"ह्यांनी काल विचारलं, तिरफळं कुठे ठेवलीत. मी म्हटलं, शोधा."

"सापडली?"

"मी विचारलंच नाही."