सकाळी स्टार्ट करताना टायमिंग चेन खडखडते. नुसता टेन्शनर बदलला तर चालेल का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: १.३ डिझेल हॅचबॅक, दीड लाख किलोमीटरच्या आसपास रनिंग, सकाळी चावी मारली की इंजिनच्या टायमिंगच्या बाजूनं दोन-तीन सेकंद खडखड, मग गप्प. मेकॅनिक म्हणतो पूर्ण चेन किट टाका. पार्टवाला म्हणतो नुसता टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) घ्या, चेन ज्या प्लास्टिकच्या पट्टीवर घासत फिरते तिला काय होतंय. घर पन्हाळ्याच्या वाटेवर, त्यामुळं गाडी चढाला तोंड करून पहिल्या गिअरात उभी.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेज चालवतो. माझं मत आधीच सांगतो: चेनवरचं कव्हर उघडायच्या आधी ऑइल आणि फिल्टर बघा. पण कव्हर उघडलंच, तर जुनी पट्टी आत ठेवून नुसता टेन्शनर बदलू नका. मजुरी सगळी उघडण्या-लावण्याची आहे, पट्टीची किंमत त्यापुढं काहीच नाही.

आता ती पट्टी करते काय ते बघू. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) दोन फेरे मारतो तेव्हा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एक मारतो आणि दोघांना बांधते ती चेन. क्रँक जिकडून ओढतो ती बाजू ताठ असते, तिथं सरळसोट गाईड असते, जागेवर बोल्ट केलेली. दुसरी बाजू ढिली. तिथली वाकडी पट्टी एका टोकाला पिनवर झुलते आणि दुसऱ्या टोकाजवळ टेन्शनरचा दट्ट्या तिला चेनवर दाबून धरतो. आता क्रँक काही एकसारखा फिरत नाही, प्रत्येक स्फोटाला झटका देतो. कॅमचंही तसंच, व्हॉल्व्हची स्प्रिंग त्याला कधी अडवते तर कधी पुढं ढकलते. त्यामुळं ढिली बाजू सारखी फडफडायला बघते. कासरा हातात तंग राहिला तरच बैल सरळ चालतो, तसा तो ताण पट्टीनं सतत धरून ठेवायचा असतो.

टेन्शनर बहुतेक इंजिनांत ऑइलच्या प्रेशरवर चालतो. रात्रभरात त्यातलं ऑइल उतरलं की सकाळी प्रेशर येईपर्यंत आतल्या स्प्रिंगवरच भिस्त. तुमचा आवाज तेवढ्याच वेळापुरता असेल, तर संशय आधी टेन्शनरच्या आतल्या छोट्या व्हॉल्व्हवर, ऑइलच्या ग्रेडवर आणि फिल्टरवर. स्वस्तातल्या काही फिल्टरमध्ये ऑइल मागं उतरू न देणारा रबरी पडदा नावालाच असतो. कंपनीनं सांगितलेलं ऑइल आणि चांगला फिल्टर टाकून आठवडाभर गाडी चालवून बघा. आवाज थांबला तर माझ्याकडंही येऊ नका. पण गरम इंजिन आयडलिंगला असतानाही खरखर येत असेल, किंवा स्कॅनरवर पी ००१६ हा कोड येत असेल (कॅम आणि क्रँकचा मेळ बसत नाही असा त्याचा अर्थ), तर पुढं जावं लागेल.

चेन लांबते म्हणजे लोखंड ताणत नाही, पिन आणि बुश झिजतात. शंभरावर कड्यांच्या चेनमध्ये प्रत्येक जोडात मिलिमीटरचा शंभरावा भाग जरी गेला, तरी एकूण एक मिलिमीटरच्या वर होतो. डिझेलच्या ऑइलमध्ये काजळी असते आणि तीच पिना घासते. ऑइल बदलायला उशीर करणाऱ्या गाड्यांच्या चेनी लवकर ढिल्या होतात, त्याचं कारण हेच.

जुनी पट्टी हातात घेऊन बघा एकदा. फिकट रंगाची असलेली उष्णतेनं तपकिरी झालेली असते. चेनच्या कड्यांनी पृष्ठभागावर दोन चकचकीत चर पाडलेले असतात, नखाला लागतात. चर खोल असले, कडेला केसासारखी चीर असली, तर तिचं आयुष्य संपलं. पट्टी साधारण दोन थरांची असते. पाठीचा सांगाडा काचतंतू घातलेल्या नायलॉनचा, म्हणजे ताठ राहावा. चेन घासते तो थर मात्र काचतंतूंशिवाय, कारण काच चेनलाच खाईल. वर्षानुवर्षं गरम आणि खराब ऑइलमध्ये राहून नायलॉन ठिसूळ होतं आणि तुकडे पडतात. ते इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये जातात, ऑइल पंपाच्या जाळीवर बसतात, प्रेशर कमी होतं, टेन्शनर आणखी लुळा पडतो, चेन पट्टीवर आणखी आपटते. म्हणून कव्हर उघडलं की चेंबरही उतरवायला सांगा आणि जाळी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. परत बसवताना सिलिकॉनची पेस्ट भसाभस लावू देऊ नका, आत पिळून आलेली तीच पुढं जाळीत अडकते.

आपल्या गावाचा एक खास मोह इथं सांगायलाच हवा. उद्यमनगरात ब्लॉकपासून पिनेपर्यंत काय वाट्टेल ते बनवून मिळतं, त्यामुळं कुणीतरी म्हणेलच, ‘नायलॉनच्या पाटातून पट्टी काढून देतो की.’ मिलिंग झकास करतील, त्यात शंका नाही. पण वाक चुकला की सगळा दाब एकाच जागी येतो, आणि बाजारातला साधा नायलॉन त्या उष्णतेत टिकेल याची खात्री कोण देणार? ही पट्टी विकतच घ्या.

चेन झिजली असेल तर स्प्रॉकेटही (चेनची दातेरी चाकं) बघावे लागतील, मग तुमच्या मेकॅनिकचं पूर्ण किट बरोबर. चेन मापात असेल तर टेन्शनर, झुलती पट्टी आणि गाईड एवढ्यावर भागेल. जोडणी झाल्यावर इंजिन स्टार्ट करायच्या आधी क्रँक हातानं, सरळ दिशेनंच, दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का बघायला लावा. एक दात चुकला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळू शकतो.

आणि काम होईपर्यंत पार्किंगचं एवढं सांभाळा. चढाला तोंड करून पहिल्या गिअरात लावलेली गाडी मागं सरकली, की इंजिन उलटं फिरतं आणि सगळा ढिलेपणा भलत्या बाजूला जातो. तेव्हा टेन्शनरमध्ये ऑइलचं प्रेशरही नसतं, ढिली चेन दात सोडू शकते. हँडब्रेक नीट ओढा, चाकामागं दगड लावा, मग गिअर टाका. भार गिअरवर येता कामा नये. धक्का मारून स्टार्ट करायची वेळ आली तर उतारावर रिव्हर्स गिअर टाकून पुढं ढकलायचा प्रकार अजिबात नको.