सांगोल्याने एकाच माणसाला ११ वेळा आमदार का केलं?

प्रश्नाखाली तुम्ही एक ओळ जोडलीय, 'ग्रामीण मतदार भावनेवर मत देतो, त्याचंच हे उदाहरण असावं.' त्या ओळीसाठी लिहितोय, नाहीतर झोपायची वेळ झाली होती.

११ वेळा म्हणजे सलग नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून शेकापचे (शेतकरी कामगार पक्षाचे) गणपतराव देशमुख, आमचे आबासाहेब, १९६२ आणि १९६७ ला निवडून आले. १९७२ ला काँग्रेसच्या काकासाहेब साळुंख्यांकडून पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला शहाजीबापू पाटलांनी त्यांना दोनशेच्या आतल्या फरकाने पाडलं. १९९९ पासून २०१४ पर्यंत पुन्हा आबासाहेबच. भावनेवर चालणारे लोक लाडक्या माणसाला दोनदा घरी बसवत नाहीत. आणि हा माणूस मूळचा इथला नव्हताच, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा वकील. धनगर समाजाची मतं मोठी आहेत, खरंय. पण नुसती जात पुरली असती तर १९९५ चा निकाल लागलाच नसता.

आता भूगोल. अख्खा सांगोला तालुका आणि पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी मंडळ मिळून हा मतदारसंघ होतो. लोकसभेला आम्ही माढ्यात. माण नदी नकाशात निळी दिसते, प्रत्यक्षात वर्षातले बहुतेक महिने वाळू आणि वेड्या बाभळी. पश्चिमेला कोळे, जुनोनी, हातीद हे माळरान. दक्षिणेला जवळा, घेरडी, म्हणजे जतची शीव. उत्तरेला माहूदकडे नीरा उजव्या कालव्याचं शेपटाचं पाणी पोचतं, म्हणून तिकडं ऊस दिसतो. बाकी डाळिंब, मेंढरं आणि खिलार जनावरं. सांगोल्याचं राजकारण या पाण्यावर चालतं. पक्ष, जात, नातीगोती सगळं त्याच्यानंतर.

हे मला कळलं चुलतभावाच्या साखरपुड्यात. टेंभूचं, म्हणजे कृष्णेतून उचलून आणायच्या योजनेचं पाणी तेव्हा माणच्या पात्रात सोडलेलं. आमच्या गावाजवळच्या बंधाऱ्याच्या फळ्या घातलेल्या, पाणी वरून सांडत होतं, बायका ओटी भरून येत होत्या. बंधाऱ्याच्या कठड्यावर तीन बॅनर, तिन्हींवर वेगवेगळे फोटो, मजकूर एकच: 'पाणी आणल्याबद्दल हार्दिक आभार'. मांडवात पंगत बसली आणि दाजींनी विषय काढला. दाजी माहूदच्या बाजूचे, तेव्हा कालव्याच्या पाण्यावरचे. म्हणाले, "विरोधात बसून पाणी येत असतंय व्हय? सत्तेत गेल्याबिगर रुपया सुटत नाही. आबांनी सूतगिरणी दिली, बरं झालं. पाणी कुठं दिलं?"

चुलते वाढायला उभे होते. हातातलं जिलबीचं ताट तसंच धरून म्हणाले, "पाव्हणं, आटपाडीच्या पाणी परिषदेला आम्ही टेम्पोत उभं राहून जात होतो, तवा तुम्ही कालव्यात पाय सोडून बसला होता." मग जे झालं ते झालं. नवऱ्या मुलीचे मामा नारळ हातात घेऊन थांबलेले, भटजी घड्याळ बघतायत आणि इकडं टेंभूचा कितवा टप्पा कुणाच्या सरकारात झाला यावर आवाज चढलेले. ताईने शेवटी दाजींना हाताला धरून उठवलं. दाजी त्यानंतर वर्षभर आमच्याकडे जेवले नाहीत.

तेव्हा दाजींना जे सांगता आलं नाही ते तुम्हाला सांगतो. कृष्णेचं पाणी तेरा दुष्काळी तालुक्यांना मिळालं पाहिजे ही चळवळ १९९३ पासूनची. नागनाथअण्णा नायकवडी, आबासाहेब, भारत पाटणकर त्यात पुढे होते. कृष्णा खोरे महामंडळ झालं १९९६ ला. कऱ्हाडजवळ टेंभूला पाणी उचलून टप्प्याटप्प्याने वर चढवायचं, तिथून इकडं आणायचं हे काम कुठल्याही एका आमदाराच्या निधीत बसत नाही. पैसे सगळ्याच सरकारांनी थोडे थोडे दिले. पण मागणी ज्यांनी लावून धरली त्यांचा फोटो पहिला, बाकीचे खाली. शिवाय आबासाहेब १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद आघाडी सरकारात मंत्री होते, १९९९ नंतरही होते. आबासाहेब कायम विरोधात बसले, हा दाजींचा सूर तिथंच पडतो.

पुढचं थोडक्यात. २०१९ ला आबासाहेब उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी पडले. २०२१ ला आबासाहेब गेले. २०२२ ला बापूंचं गुवाहाटीतलं 'काय झाडी, काय डोंगार' गाजलं आणि तेव्हापासून पुण्यात कुणाला गाव सांगितलं की तेच ऐकावं लागतं. इथं झाडी असती तर एवढं पुराण लागलंच नसतं. २०२४ ला बापू आणि दीपक साळुंखे दोघेही समोर उभे राहिले आणि दुसरे नातू बाबासाहेब पंचवीस हजारांच्या वर फरकाने आले. समोरची मतं फुटली की शेकाप येतो, हा इथला जुना हिशोब. दाजी याला घराणेशाही म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण हे मी त्यांच्यासमोर बोलत नाही.

तुम्हाला अभ्यासच करायचा असेल तर गावनिहाय मतांचे आकडे आणि कालव्याच्या फाट्यांचा नकाशा शेजारी ठेवा, जातीचा तक्ता नंतर काढा. सुरुवात कोळे-जुनोनीकडून करा. माहूदकडून केलीत तर पहिल्याच चहाला दाजींसारखं कुणीतरी भेटेल आणि तुम्ही त्यांचंच लिहून न्याल.

आणि हो, आमचं घर पहिल्यापासून लाल बावट्याचं आहे. मी पुण्यात असलो तरी मत अजून गावच्याच यादीत ठेवलंय. वाचताना तेवढं वजा करा. म्हैसाळ या दुसऱ्या उपसा योजनेचं पाणी दक्षिणेकडच्या गावांत कसं फिरलं, हे घेरडी-जवळ्याच्या कुणीतरी लिहावं. त्यात आमच्या घरी भांडण झालेलं नाही, त्यामुळे मला तेवढं पाठ नाही.