वाचकांचे प्रश्न : आमदाराची कारकीर्द मोजायची कशी?

प्रश्न : मंडळाच्या स्मरणिकेत आमच्या भागातल्या एका ज्येष्ठ माजी आमदारांवर लेख द्यायचा आहे. ते पाच वेळा निवडून आले होते. ‘पंचवीस वर्षे आमदार’ असं लिहिलं तर चालेल ना?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : नाही चालणार. आधी तारखा लावून बघा. विधानसभेची पाच वर्षांची मुदत पहिल्या बैठकीच्या दिवसापासून मोजतात, आणि आपल्या मध्य प्रदेशात ती एकापेक्षा जास्त वेळा मधेच तुटली आहे. १९७७ची विधानसभा १९८०च्या फेब्रुवारीत बरखास्त झाली. १९९०ची डिसेंबर १९९२मध्ये गेली आणि पुढची निवडणूक नोव्हेंबर १९९३मध्ये झाली, म्हणजे मधलं जवळजवळ वर्षभर राज्यात कुणीच आमदार नव्हतं. १९७७, ८०, ८५, ९० आणि ९३ या पाचही निवडणुका जिंकणाऱ्या माणसाची १९९८पर्यंतची प्रत्यक्ष आमदारकी वीस वर्षांच्या आसपास भरते. वरची पाच वर्षं नुसत्या गुणाकारानं वाढतात.

पोटनिवडणुकीनं हिशोब आणखी बदलतो. बाबूलाल गौर दहा वेळा निवडून आले, पण पहिली खेप १९७४च्या पोटनिवडणुकीची होती. तिथून २०१८पर्यंत ४४ वर्षं होतात, ५० नव्हे. त्यातूनही सभागृह अस्तित्वात नसलेले महिने वजा करायचे. महाराष्ट्रात सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले. पहिल्यांदा १९६२मध्ये, शेवटचे २०१४मध्ये. त्यांच्याबद्दल ‘सलग अकरा वेळा’ असं सर्रास छापलं जातं, ते चूक आहे. १९७२ आणि १९९५ला ते हरले होते. १९७४ला पोटनिवडणुकीतून परतले आणि १९९९ला पुन्हा. आमच्या मते या दोन पराभवांसकटच त्यांची कारकीर्द मोठी दिसते. हरलेल्या माणसाला त्याच तालुक्यानं परत बोलावणं ही साधी गोष्ट नाही. तुमच्या लेखातही पराभव लपवू नका.

इंदूरच्या फार जुन्या मंडळींबद्दल लिहिताना आणखी एक काळजी घ्या. १९५२ची निवडणूक मध्य भारत राज्याच्या विधानसभेची होती. आजचं मध्य प्रदेश राज्य १ नोव्हेंबर १९५६ला झालं आणि त्याची पहिली निवडणूक १९५७ची. १९५२चा विजय ‘मध्य प्रदेश विधानसभा’ म्हणून नोंदवू नका. क्रमांक देताना मात्र जपा : २०२३ची विधानसभा सोळावी आहे, तिच्यापासून मागे मोजत गेलात तर १९५७ची दुसरी ठरते, कारण पहिली म्हणून १९५६ला राज्य झालं तेव्हाचं सभागृह धरतात.

प्रश्न : विजय-पराभव कळले. पण सभागृहात त्यांनी केलं काय, हे कुठे शोधायचं?
— एक वाचिका, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : कारकिर्दीचा खरा ऐवज तिथेच आहे, आणि स्मरणिकांमध्ये नेमका तोच नसतो. भोपाळच्या विधानसभेच्या ग्रंथालयात कार्यवाहीचे खंड असतात, अलीकडच्या वर्षांची कार्यवाही आणि प्रश्नोत्तरं संकेतस्थळावरही मिळतात. मजकूर हिंदीत आहे, तेव्हा शब्दांची गल्लत होऊ देऊ नका : तिथली ‘ध्यानाकर्षण सूचना’ म्हणजे महाराष्ट्रातली लक्षवेधी, ‘प्राक्कलन समिति’ म्हणजे अंदाज समिती, ‘अशासकीय संकल्प’ म्हणजे अशासकीय ठराव.

सुरुवात प्रश्नांपासून करा. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकिताचं उत्तर लेखी येतं. नुसते आकडे मोजले तर फसाल. यादीत खाली असलेल्या तारांकित प्रश्नाची पाळी प्रश्नकाळ संपेपर्यंत येतच नाही, मग त्याचं उत्तर फक्त छापील राहतं. म्हणून पूरक प्रश्न वाचा. तयारी केलेला आमदार तिथे ओळखू येतो : रस्त्याचं नाव, मंजुरीची तारीख, कंत्राटाची रक्कम हाताशी असते आणि मंत्र्याला ‘चौकशी करू’ यापुढे जावं लागतं.

पुष्कळ उत्तरांत ‘जानकारी एकत्रित की जा रही है’ एवढंच सापडेल. तिथे थांबू नका. अशा अपूर्ण उत्तरांची पूर्ण उत्तरं नंतरच्या अधिवेशनात वेगळ्या संकलनातून पटलावर ठेवतात. प्रश्न क्रमांक आणि तारीख टिपून ठेवली की पुढचा दुवा लागतो. मंत्र्यानं सभागृहात दिलेलं आश्वासन पुढे पाळलं का, हे आश्वासन समितीच्या अहवालांत बघायचं.

तुमचे आमदार मंत्री असतील तर त्या वर्षांत त्यांच्या नावावर एकही प्रश्न मिळणार नाही. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. ही आळसाची खूण समजून त्यांच्यावर अन्याय करू नका. त्या काळासाठी त्यांनी मांडलेली विधेयकं आणि खात्याच्या खर्चाच्या मागण्यांवरची उत्तरं चाळा.

‘आमदारांनी बांधलेला सभामंडप’ हे वाक्यही तपासूनच लिहा. विधायक निधीतून (म्हणजे आमदार निधीतून) आमदार काम सुचवतात, मंजुरी आणि पैसे जिल्हा प्रशासनाकडून जातात. माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून जिल्हा योजना व सांख्यिकी कार्यालयाकडे वर्षवार यादी मागा : कामाचं नाव, शिफारस, मंजूर रक्कम, काम पूर्ण झाल्याचा दाखला. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. ‘सर्व कामांची माहिती द्या’ असा मोघम अर्ज केलात तर उत्तरही मोघमच येईल. एका अर्जात दोन-तीन वर्षंच घ्या.

प्रश्न : प्रत्येक निवडणुकीतल्या मताधिक्याचा तक्ता देऊन लोकप्रियता वाढली की घटली ते दाखवता येईल का?
— एक वाचक, टिळक नगर, इंदूर

उत्तर : दाखवता येईल, पण २००८पाशी ठळक रेघ ओढून. त्या वर्षी २००१च्या जनगणनेवर आधारलेली नवी मतदारसंघ-रचना लागू झाली. राऊ हा मतदारसंघ तेव्हाच जन्मला आणि शेजारच्या सीमा सरकल्या. नाव तेच असलं तरी २००३ आणि २००८चे मतदार तेच नाहीत. शिवाय मतदारसंख्या वाढली की मताधिक्याचा आकडा आपोआप फुगतो, म्हणून वैध मतांतली टक्केवारी द्या. २०१३पासून ‘नोटा’ आला, त्याची मतं त्यातून वगळा.

मोहल्लावार चित्र हवं असेल तर निवडणूक अधिकाऱ्याचा फॉर्म २० काढा, त्यात प्रत्येक मतदान केंद्राची मतं असतात. केंद्रांचे क्रमांक दर निवडणुकीत बदलू शकतात, तेव्हा जुळवणी क्रमांकानं न करता शाळेच्या किंवा इमारतीच्या नावानं करा. टपाली मतं केंद्रवार आकड्यांत नसतात, ती बेरजेत वेगळी धरावी लागतात. बेरीज जुळत नाही ती बहुधा त्यामुळेच.

आणि मतदारसंघ बदलणाऱ्याचा तक्ता एकसंध काढूच नका. कैलाश विजयवर्गीय १९९०ला इंदूर-४, १९९३ ते २००३ इंदूर-२, २००८ व २०१३ला महू आणि २०२३ला इंदूर-१ असे सात वेळा जिंकले, ते चार वेगवेगळ्या मतदारसंघांतून. गोपाल भार्गव १९८५पासून २०२३पर्यंत नऊही वेळा रहलीतूनच. दोघांच्या आकड्यांची एकमेकांशी तुलना करून काहीच हाती लागत नाही.

प्रश्न : सगळ्यांत ज्येष्ठ आमदारच प्रोटेम स्पीकर (हंगामी अध्यक्ष) होतो, असा कायदा आहे का?
— एक वाचिका, रामबाग, इंदूर

उत्तर : कायदा नाही, प्रघात आहे. संविधानाच्या अनुच्छेद १८० प्रमाणे अध्यक्ष व उपाध्यक्ष दोन्ही पदं रिकामी असताना राज्यपाल एका सदस्याची नेमणूक करतात. तो ज्येष्ठच हवा असं तिथे म्हटलेलं नाही. डिसेंबर २०२३मध्ये भार्गव यांची नेमणूक झाली ती या प्रघातानुसार. नव्या सदस्यांना शपथ देणं आणि अध्यक्षाची निवड पार पाडणं, एवढंच ते काम. म्हणून लेखात त्याला ‘विधानसभा अध्यक्षपद’ म्हणू नका.