पंख्याची जुनी विमाने का पडतात? : वाचकांचे प्रश्न

पिस्टन इंजिनांच्या जुन्या प्रवासी विमानांबद्दल वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले आहेत. त्यांतले सहा निवडून त्यांची उत्तरे देत आहोत.

प्रश्न : डीसी-३ला दोन इंजिने असतात. एक बंद पडले तरी दुसऱ्यावर सुखरूप उतरता यायला हवे. मग ही विमाने एका इंजिनाच्या बिघाडाने कशी पडतात?

उतरता येते, पण त्यासाठी बंद इंजिनाची पाती वाऱ्याच्या वाटेतून बाजूला व्हावी लागतात. इंजिनाची शक्ती गेली तरी प्रॉपेलर, म्हणजे पुढचा पंखा, थांबत नाही. समोरचा वारा त्याला पवनचक्कीसारखा फिरवत राहतो आणि त्याबरोबर आतले बंद इंजिनही फिरते. ही ताकद जाते विमानाच्या वेगातून. म्हणून पाती वळवून त्यांची कड वाऱ्याकडे करतात, याला फेदर करणे म्हणतात. डीसी-३च्या प्रॉपेलरमध्ये लाल बटण दाबले की विजेवरचा पंप राखीव तेल जास्त दाबाने प्रॉपेलरच्या पुढच्या घुमटात ढकलतो, तिथला पिस्टन सरकतो आणि पाती वळतात.

१९ ऑगस्ट २०१३ रोजी कॅनडातल्या येलोनाइफहून निघालेल्या डीसी-३चे उदाहरण पाहा. उड्डाण करतानाच उजव्या इंजिनाचा एक सिलिंडर आधीपासूनच्या भेगेमुळे फुटला आणि आग लागली. वैमानिकांनी बटण दाबले, पण पाती पूर्ण वळली नाहीत. पंपाचे बेअरिंग जाम झाले असावे, असा तपासाचा निष्कर्ष होता. त्यातच निघण्यापूर्वी वजनाचा नीट हिशोब केलेला नव्हता आणि विमान परवानगीपेक्षा जड होते. परत वळून येताना उंची टिकली नाही, ते झाडांना घासून धावपट्टीच्या बाहेरच पोटावर उतरले. आतले २४ जण वाचले. आमच्या मते सिलिंडर फुटणे हे या इंजिनांचे जुने दुखणे आहे. विमानाला खाली आणले ते पंपाने आणि वजनाने.

२५ सप्टेंबर १९९६ रोजी नेदरलँड्सच्या वाडनझे समुद्रात पडलेल्या डच डीसी-३ला हे नशीब लाभले नाही. डाव्या इंजिनाची शक्ती गेली, त्याचा प्रॉपेलर फेदर झाला नाही, वेग घटत गेला आणि विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल जाऊन, कोसळले. ३२ जण गेले, कोणीही वाचले नाही.

उड्डाणापूर्वी फेदरिंगची चाचणी होते, पण तिच्यावर फार विसंबू नये. इंजिन चालू ठेवून बटण दाबतात, फेरे उतरू लागले की लगेच ओढून बाहेर काढतात. म्हणजे पंप जेमतेम दोन-तीन सेकंद चालतो. तो सुरू होतो एवढेच त्यातून कळते, पाती शेवटपर्यंत वळवेल की नाही ते कळत नाही. त्यासाठी देखभालीच्या वेळी इंजिन बंद ठेवून पाती पूर्ण फेदर करून परत आणावी लागतात आणि त्या वेळी पंप किती वीज ओढतो तेही पाहावे लागते. जाम होऊ लागलेला पंप तिथे बहुधा पकडला जातो.

प्रश्न : इंजिन सुरू करण्यापूर्वी माणसे पाती हाताने फिरवताना दिसतात. ही जुनी रीत आहे की तिला काही कारण आहे?

कारण आहे, आणि ते टाळले तर इंजिनाचा बिघाड काही तासांनी, आकाशात उघड होतो. गोलाकार इंजिनात सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे मांडलेले असतात, त्यांतले खालचे उलटे टांगलेले. विमान उभे असताना तेल झिरपून त्यांत साचते. पिस्टन सिलिंडरच्या बंद टोकाकडे सरकताना हवा दबते, तेल दबत नाही. अशा वेळी स्टार्टरने जोर लावला किंवा दुसरे सिलिंडर पेटले, तर पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकतो. वाकलेल्या रॉडवर इंजिन सुरू होते, जमिनीवर ठीकही चालते, आणि पुढे कधीतरी पूर्ण शक्तीवर रॉड तुटतो.

किती पाती मोजायची? डीसी-३च्या चौदा सिलिंडरांच्या आर-१८३० इंजिनात क्रँकचे (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचे) १६ फेरे होतात तेव्हा प्रॉपेलरचे ९ होतात. प्रत्येक सिलिंडरचे चक्र पुरे व्हायला क्रँकचे दोन फेरे लागतात, म्हणजे प्रॉपेलरचा सव्वाच्या किंचित खाली, नेमका १.१२५ फेरा. तीन पात्यांच्या प्रॉपेलरला हे ३.४ पाती भरते. तेव्हा चार पाती हे अगदी किमान, व्यवहारात त्याच्या दुप्पट किंवा अधिक मोजतात. मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारे यंत्र) बंद असल्याची खात्री करावी, आणि तरीही पाते कधीही झटका देईल असे धरूनच हात लावावा.

पाते अडले तर जोर लावू नये. उलटे तर मुळीच फिरवू नये. उलटे फिरवल्यास तेल उघड्या झडपेतून इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या, नळीत जाते, वाट मोकळी झाल्यासारखी वाटते आणि इंजिन सुरू होताच तेच तेल पुन्हा सिलिंडरमध्ये ओढले जाते. खालच्या सिलिंडरांचे स्पार्क प्लग काढून तेल बाहेर पडू देणे, हाच उपाय.

प्रश्न : ही विमाने नवी होती तेव्हाही पडत होतीच. मग दोष वयाला का द्यायचा?

बरोबर. फक्त तेव्हाची कारणे वेगळी होती. २४ ऑक्टोबर १९४७ रोजी अमेरिकेत ब्राइस कॅन्यनजवळ युनायटेड कंपनीचे जवळपास कोरे डीसी-६ जळून पडले, ५२ जण गेले. उड्डाणात एका टाकीतून दुसरीत इंधन घेताना टाकी भरून वाहिली. व्हेंटमधून (टाकीच्या हवेच्या भोकातून) बाहेर पडलेले पेट्रोल वाऱ्याबरोबर मागे गेले आणि केबिन गरम करणाऱ्या हीटरच्या हवेच्या तोंडातून आत शिरले. तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या डीसी-६ला तशीच आग लागली, पण ते गॅलप या गावी उतरले. हाती सापडलेल्या त्या विमानामुळेच व्हेंट आणि हीटरच्या तोंडाचा संबंध पक्का झाला. सगळी डीसी-६ जमिनीवर ठेवून बदल केले गेले. आराखड्यातले असे दोष त्या काळात सापडत आणि दुरुस्त होत गेले. आज उरतात ते देखभालीतले आणि चालवण्यातले.

प्रश्न : इतक्या वर्षांनी पंखाचा धातू थकत नाही का?

थकतो, पण थकव्याला वय लागतेच असे नाही. १९४८ साली अमेरिकेत विनोनाजवळ मार्टिन २-०-२ हे विमान पंख तुटून पडले तेव्हा विमान नवेच होते. पंखाच्या जोडाचा आराखडा चुकला होता. ३७ जण गेले.

वयाचे खरे उदाहरण मायामीचे. १९ डिसेंबर २००५ रोजी चॉक्स कंपनीच्या ग्रमन मॅलार्ड या पाण्यावरही उतरणाऱ्या विमानाचा उजवा पंख उड्डाणानंतर लगेच तुटला, २० जण गेले. विमान १९४७चे, इंजिने मात्र नंतर बसवलेली टर्बोप्रॉप, म्हणजे पंखा फिरवणारी टर्बाइन इंजिने. पंखाच्या पोकळीतच इंधन साठवलेले, त्यामुळे पत्र्याला किंवा आतल्या पट्टीला भेग गेली की आधी गळती दिसते. ती दिसतही होती. दर वेळी सीलंट लावून ती बंद करण्यात आली आणि भेग त्याखाली वाढत राहिली. अशा पंखातून पुन्हा पुन्हा गळती होत असेल तर जुने सीलंट पूर्ण खरवडून उघड्या धातूची तपासणी करावी, एडी करंटने (धातूत विजेचे प्रवाह निर्माण करून भेग शोधण्याच्या रीतीने) करता आली तर उत्तम. डीसी-३चा पंख या बाबतीत दणकट आहे, पण मधल्या आणि बाहेरच्या पंखाला जोडणाऱ्या बोल्टांच्या ओळीजवळ गंज आणि भेगा शोधाव्याच लागतात.

प्रश्न : स्वित्झर्लंडमधल्या युंकर्स-५२ची तिन्ही इंजिने चालू होती, तरी ते का पडले?

४ ऑगस्ट २०१८, पिझ सेग्नास, २० मृत्यू. विमान १९३९चे होते आणि तपासात त्यावर गंजही सापडला, पण पडण्याचे कारण तो नव्हता. वैमानिकांनी ते अरुंद खोऱ्यात कमी उंचीवर आणि धोकादायक इतक्या कमी वेगात नेले. वळून बाहेर पडायला वाट नव्हती. डोंगरातल्या खळबळत्या हवेत, वळणात, ते स्टॉल झाले. भरीला गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेच्याही मागे होता.

वळणात स्टॉलचा वेग वाढतो : ४५ अंशांच्या कलात सुमारे १९ टक्के, ६० अंशांत ४१ टक्के. डोंगराची धार समोरून सरळ ओलांडू नये. ४५ अंशांच्या तिरक्या रोखाने जावे, म्हणजे हवा खाली दाबू लागली की थोड्याच वळणात माघार घेता येते.

मागे सरकलेला गुरुत्वमध्य फार सहज घडतो, कारण सामान मागेच टाकायची सवय असते. १३ डिसेंबर १९७७ रोजी इव्हान्सव्हिल विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाला नेणारे डीसी-३ असेच मागे जड होते. शिवाय सुकाणू आणि उजव्या एलेरॉनला (पंखाच्या मागच्या कडेच्या, विमान कलवणाऱ्या फळीला) बाहेरून लावलेली कुलुपे काढायची राहिली होती. हाताने दोन मिनिटांत निघणारी वस्तू! २९ जण गेले. कुलुपे किती लावली आणि किती काढून आत ठेवली, हे मोजल्याशिवाय दार लावू नये.

प्रश्न : पिस्टन इंजिनाच्या विमानात चुकून जेटचे इंधन भरले तर?

नळीत उरलेल्या पेट्रोलवर विमान धावपट्टीपर्यंत छान चालते, म्हणून घात होतो. जेटचे इंधन, म्हणजे केरोसीन, पोहोचले की ते सिलिंडरमध्ये वेळेआधी भडकते, पिस्टन वितळतात. हे बहुधा उड्डाणानंतर लगेच घडते. शिशाचे प्रमाण कमी असलेले १०० ऑक्टेनचे विमानी पेट्रोल निळे असते, जेटचे इंधन पाणचट किंवा फिकट पिवळसर. पण दोन्ही मिसळली तर निळा रंग नुसता फिका पडतो, डोळ्यांना फसवतो. टाकीच्या तळातून काढलेल्या नमुन्याचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकावा. पेट्रोल उडून जाते. तेलकट डाग मागे राहिला तर टाक्या आणि नळ्या रिकाम्या करून धुवाव्यात. आणि त्या इंधनावर इंजिन थोडे जरी चालले असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये बोअरस्कोप (आत पाहायची बारीक दुर्बीण) घालून पिस्टनचे माथे पाहिल्याशिवाय ते पुन्हा सुरू करू नये.